मारी की ग्लुकोज?

मराठी माणसाने स्वतःच्या गाडीची सीट सहसा पाहिलेली नसते. गाडी शोरूममधून निघते तेव्हा सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक असतं. ते काढायचं नसतं, कारण गाडी नवी असल्याचा शेजाऱ्यांना दाखवता येण्यासारखा तेवढाच पुरावा असतो. पहिल्या उन्हाळ्यात ते मांडीला चिकटून फाटायला लागतं, तोवर त्याच्यावर सीट कव्हर चढलेलं असतं. कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल. साहेब सरकारी असतील तर टॉवेल पांढरा, टर्किश आणि धुतलेला; इतरांच्या टॉवेलाविषयी न बोललेलं बरं. घरात गाडी लागणारं पोर असेल तर टॉवेलावर आणखी एक जुनी चादर. पुढे कधीतरी गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाईक म्हणालं, "कव्हर जरा वर करा बघू," की घरातली सगळी माणसं गिऱ्हाइकाबरोबर वाकून बघतात. "अगंबाई, आपली सीट निळी होती?"

या झाकाझाकीला कुणी हसू नये. तेल लावलेलं डोकं आणि महागाची पाठ यांचं वैर जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष डोक्याला मॅकॅसर तेल चोपडायचे आणि त्यांच्या बायका खुर्च्यांच्या पाठींवर विणलेले रुमाल टाकायच्या. त्या रुमालांना नावच मुळी अँटिमॅकॅसर पडलं. आपल्याकडे मॅकॅसरच्या जागी खोबरेल आलं आणि रुमालाचा टॉवेल झाला, एवढाच फरक.

तर अशा या देशात आमच्या भावजींनी, बँकेतून निवृत्त झाल्यावर, 1964 सालची जॅग्वार मार्क टू विकत घेतली, आणि तीही सीट दिसावी म्हणून.

मार्क टू ही 1959 ते 1967 या काळात कॉव्हेंट्रीत तयार झालेली गाडी. समोर अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, बसायला लेदर, आणि धावायला इतकी चपळ की इंग्लंडात बँका लुटणाऱ्यांनाही हीच गाडी आवडायची आणि त्यांच्यामागे लागणाऱ्या पोलिसांनाही हीच. भावजी बँकेतले असल्यामुळे त्यांना दोन्ही बाजूंबद्दल सारखीच आस्था. शिवाय 2008 साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार विकत घेतली, तेव्हापासून भावजी तिचा उल्लेख 'आपली कंपनी' असा करतात. भावजींचा टाटांशी संबंध मिठापुरता. पण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं असतात, त्यांतले ते एक.

गाडी मुंबईहून आली. इंजिन कुरकुर न करता चालत होतं, पत्रा बऱ्यापैकी होता. आतली परिस्थिती मात्र अशी होती की एका सीटवर एका घरात मावणार नाहीत इतके रंग होते. ड्रायव्हरच्या पाठीमागे काळपट. त्याच्या शेजारी तपकिरी. मागच्या सीटला खिडकीच्या बाजूने ऊन खाऊन विटलेला, मध्ये जरा बरा, आणि आर्मरेस्ट खाली ओढला की त्यामागे भलताच लालसर. कव्हरखाली घालवलेल्या मुंबईच्या पावसाळ्यांची बुरशी शिवणीशिवणीतून वेगळी. कातडं जिथे जास्त दुमडलं होतं तिथे बारीक भेगांचं जाळं.

भावजींनी इंग्रजी मासिकं वाचून पटिना नावाची एक गोष्ट शोधून काढली होती. जुन्या वस्तूवर काळाने चढवलेलं तेज, असं ते आल्यागेल्याला समजावून सांगत. ते पुसायचं नसतं, जपायचं असतं. गाडी मूळची एकदाच असते, नंतर ती फक्त दुरुस्त असते. ताईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आतून एक ओलं फडकं आणलं, ड्रायव्हरच्या सीटवरून एकदा फिरवलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"अहो, तुमची पटिना निघतेय."

इथे ताईची बाजू शास्त्राला धरून होती. लेदरचा रंग जुळवायच्या आधी मळ काढावा लागतो. नाहीतर आपण मळाशीच रंग जुळवून बसतो. भावजींनी साबण उचलला तर तिथेही अडलं, कारण कातडं किंचित आम्लधर्मी असतं आणि कपड्यांचा साबण त्याच्या बरोबर उलट. मग त्यासाठी वेगळं क्लीनर, मऊ ब्रश, आणि दर हातभर जागेला फडकं बदलणं सुरू झालं. सीटमधून आधीच्या मालकांचं एकेक चरित्र बाहेर येऊ लागलं. एकाने खोबरेल लावलेलं होतं. एकाने ग्लिसरीन. त्याच्या खालच्या थरात एका बहाद्दराने चक्क तपकिरी बूट पॉलिश चोळलेलं होतं.

बूट पॉलिश वाईट नसतं. पण बुटावर कुणी बसत नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा आहे. गाडी आली त्या आठवड्यात आमचे काका पांढराशुभ्र लेंगा घालून हौसेने तिच्यातून एका मुंजीला गेले, आणि कार्यालयाच्या दारात उतरल्यावर बँडवाल्यांसकट सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहून नजर वळवली. काकांना शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. मोठ्या माणसांना आपल्याकडे असलं काही सांगत नाहीत.

मळ निघाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. मूळ रंग कोणता?

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावतात. त्याला त्या सालीचा स्वतःचा रंग येतो आणि तो वापरून वापरून मुरत जातो. गाड्यांच्या सीटचं कातडं बहुतेक करून क्रोमने कमावलेलं असतं, आणि क्रोमने कमावलेलं कातडं कुंडातून बाहेर येतं तेव्हा फिकट निळं असतं. बैलाने जन्मात न पाहिलेला रंग. पुढे त्याच्यावर जे काही चढतं ते सगळं माणसाचं काम. आधी रंग, मग वरून लॅकर. जुन्या इंग्रजी गाड्यांमध्ये हे लॅकर सेल्युलोजचं असायचं. वयाबरोबर ते आखडतं आणि तडकतं. आपण ज्याला 'कातडं फाटलं' म्हणतो ते पुष्कळदा वरचं लॅकरच फाटलेलं असतं, खालचा बैल ठणठणीत असतो.

जॅग्वारचे जुने दप्तर सांभाळणारा एक ट्रस्ट इंग्लंडात आहे. गाडीचा नंबर कळवून फी भरली की ती कारखान्यातून कधी निघाली, बाहेरचा रंग कोणता होता, आतला कोणता होता, याचं सर्टिफिकेट मिळतं. भावजींनी ते मागवलं. आतल्या रंगापुढे लिहिलं होतं: बिस्किट.

हे सर्टिफिकेट आलं तेव्हा चहाची वेळ होती, हे दुर्दैव.

"बिस्किट म्हणजे ग्लुकोज," ताईच्या सासूबाईंनी निकाल दिला. "दुसरी ती सगळी खारी आणि नानकटाई." भावजी म्हणाले, "आई, हे इंग्रजांचं बिस्किट आहे, ते मारी असणार." भाच्याचं म्हणणं, क्रीमचं असेल तर बाहेरचा रंग धरायचा की आतला, हे कंपनीने स्पष्ट करायला हवं होतं. शेजारचे काका लंडनला मुलीकडे जाऊन आलेले. त्यांनी डायजेस्टिव्ह नावाचं एक बिस्किट तिथे खाल्लं होतं आणि त्याचा उपयोगही सांगितला, जो कुणी विचारला नव्हता. शेवटी सगळी मंडळी आपापली बिस्किटं घेऊन गाडीपाशी गेली आणि सीटवर मांडून लांबून बघू लागली. रंग काही ठरला नाही. संध्याकाळपर्यंत गाडीत मुंग्या झाल्या.

मोटारवाल्यांची ही खोड जुनीच आहे. जॅग्वारकडे शॅम्पेन होता, रोल्स-रॉइसकडे मॅग्नोलिया. पण खाण्यापिण्याच्या रंगांत आपल्याशी स्पर्धा करायची त्यांची ताकद नाही. अंजिरी, आमसुली, डाळिंबी, बदामी, श्रीखंडी, वांगी, एवढ्या नावांत आपलं एक पान वाढून होतं. फरक इतकाच की ही नावं साड्यांना असतात आणि ती बायकांना कळतात. पुरुषांच्या लेखी यांतले निम्मे लाल आणि उरलेले तपकिरी. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मागे 1 जणाला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. बायकांत हेच प्रमाण 200 मध्ये 1 च्या आसपास. आणि जुन्या गाड्यांचे रंग जुळवायला जगभर बसलेले असतात ते पुरुष.

मूळ रंग पाहायचा असेल तर सीटच्या दर्शनी भागाकडे बघायचंच नाही. जिथे ऊन, घाम आणि नातेवाईक पोचले नाहीत अशी जागा शोधायची. भावजींनी मागची सीट उचलली. खाली एक हेअरपिन, शेंगांची टरफलं, कातरलेल्या कडेचं अॅल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं आणि कुणाच्या तरी शर्टाचं बटण. आणि लाकडी चौकटीखाली दुमडून खिळलेली कातड्याची दोन बोटं रुंद पट्टी. 1964 साली कुणीतरी कॉव्हेंट्रीत ती आत दुमडली, त्यानंतर तिने उजेड पाहिला नव्हता. भावजींनी कात्रीने तिचा एक तुकडा कापला आणि तळहातावर घेतला. मारीपेक्षा पिवळट, ग्लुकोजपेक्षा फिका. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "चहात बुडवून काढलेली मारी." हे इतकं अचूक होतं की कुणालाच वाद घालता येईना, आणि तो रंग दुकानात मागायला त्याचा काडीचा उपयोगही नव्हता.

आता दुसरी गंमत. मार्क टूच्या आत जे दिसतं ते सगळं लेदर नव्हतंच. जॅग्वारवाले हिशेबी. जिथे माणूस टेकतो तेवढ्या भागाला कातडं. सीटच्या कुशी, पाठीमागची बाजू, दारांचे पॅनेल, इथे त्याच रंगाचं व्हिनाइल. कारखान्यात दोन्ही इतकं जुळवलेलं की नव्या गाडीत सहज ओळखू येऊ नये. साठ वर्षांत कातडं एका वाटेने म्हातारं झालं आणि व्हिनाइल दुसऱ्या. आता जुळवायचं कुणाला कुणाशी? कातडं मूळ रंगात आणलं की शेजारचं व्हिनाइल मळकट दिसतं; व्हिनाइलला धरून रंगवलं तर मूळ रंग गेला. भावजींनी एका कागदावर याचा ताळेबंद मांडला होता. दोन्ही बाजूंची बेरीज येत नव्हती.

त्यातही भावजींना एक समाधान होतं. सप्टेंबर 1966 पासून जॅग्वारने खर्च वाचवायला मार्क टूमध्ये आंब्ला नावाचं व्हिनाइल सरसकट बसवायला सुरुवात केली. लेदर पाहिजे त्याने वेगळे पैसे मोजायचे. "आपली 64 ची," भावजी दर दहा मिनिटांनी सांगतात. आंब्ला हा शब्द ते उच्चारतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बुडीत कर्जाची फाइल हातात आल्याचा भाव येतो. एकदा चाचांनी त्याला सरळ रेक्झिन म्हटलं तेव्हा भावजींना केवढा आनंद झाला! रेक्झिन हेसुद्धा मुळात एका इंग्रजी कंपनीचं नाव, मँचेस्टरजवळच्या एका गावात ते तयार व्हायचं. गावाचं नाव हाइड. कापडावर सेल्युलोजचा लेप द्यायचा, वरून कातड्याची नक्षी उठवायची, झालं रेक्झिन. खऱ्या कातड्यावरही वरचा थर सेल्युलोजचाच होता हे मी एकदा भावजींना म्हणालो. त्यांनी मला चहा विचारला नाही.

चाचा म्हणजे नाना पेठेतले कुशनवाले. गाडीच्या सामानाची बाजारपेठ म्हणून पुण्यात नाना पेठ प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या एका बोळात चाचांचं शिलाई मशीन आहे. त्यांनी गाडीत डोकं घालून एक मिनिट पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हे सगळं काढून टाकू. डायमंड शिलाई मारतो, लाल धागा. खाली सेव्हन-डी मॅट. गाडी एकदम नवी वाटेल."

"चाचा, नवी नको. ओरिजिनल पाहिजे."

"ओरिजिनलच देतो ना. इटालियन लेदर."

"इटालियन कुठून मागवता?"

"दिल्लीहून."

भावजींनी मग त्यांना कॉनॉली समजावून सांगितले. 1878 पासून लंडनमध्ये कातड्याचा धंदा करणारं घराणं. रोल्स-रॉइस, जॅग्वार, फेरारी सगळ्यांना माल त्यांचा. ब्रिटिश पार्लमेंटच्या हिरव्या बाकांवरचं कातडंही त्यांचंच. चाचांनी मन लावून ऐकलं. "मग त्यांच्याकडूनच घ्या की." 2002 साली त्यांचा कातड्याचा कारखाना बंद पडला, असं सांगितल्यावर चाचा हळहळले. "चालत नाही साहेब, धंदाच चालत नाही. सगळ्यांना आता कव्हर लागतं."

पण त्यांनी काम हातात घेतलं तेव्हा भावजी गप्प झाले. चाचांनी पुढच्या सीटची एक शिवण उसवली, कातडं उलटं केलं आणि कडेच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "ही एकदा आधी उसवलेली आहे. इथे बघा, दोन भोकं शेजारी शेजारी. जुनी मोठी, नंतरची बारीक. ज्याने नंतर शिवली त्याची सुई हलकी होती." मग त्यांनी मशीन बाजूला सारलं आणि जुन्या मोठ्या भोकांतूनच, एकेक टाका हाताने ओवत, कातडं परत जोडलं, नवीन भोक एकही पाडलं नाही, कारण म्हाताऱ्या कातड्याला ते सोसत नाही, तिथूनच फाटतं. भेगांना आतून कापडाची पट्टी चिकटवली, वरून फिलर भरून बारीक पॉलिश पेपरने घासलं. डायमंड शिलाईचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. लाल धाग्याचा मात्र एकदा काढला.

रंगाचं काम भावजींनी स्वतःकडे ठेवलं. पाण्यात मिसळणारे रंग आणले. पांढरा, पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा. बिस्किट, साय, मोती, वाळू असले जगातले सगळे फिके रंग या चौघांच्या संसारातून होतात. मोजायला सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज. पांढरा भरपूर, पिवळा बेताने, लाल जपून, आणि काळा थेंबाने. थेंब पडतो एकदा. परत काढता येत नाही. काळा जास्त झाला म्हणून पांढरा वाढवायचा, मग पिवळा कमी पडतो, पिवळा घातला की हिरवट मारतं, ते मारायला लाल, आणि लाल झाला की पुन्हा काळा. वाटीत सुरू झालेला रंग अशाने रात्रीपर्यंत बादलीत जातो. उरलेल्या रंगात भावजींनी घरातलं स्टूल रंगवलं, चपलांचं रॅक रंगवलं, कुंड्या रंगवल्या. त्या घरात आता बऱ्याच वस्तू साधारण बिस्किटी आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन एकसारख्या नाहीत.

ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो. त्यातलं बाइंडर ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळलं की पारदर्शक होतं, म्हणून रंग वाळताना गडद होतो. त्यामुळे कातड्याच्या चिठोऱ्यावर प्रत्येक घाणा लावायचा, ताईच्या हेअर ड्रायरने वाळवायचा, मग त्या दोन बोटं रुंद पट्टीशेजारी धरायचा. एका रात्री अकराच्या सुमारास जुळला. अगदी जुळला. भावजींनी ताईला उठवलं, सासूबाईंना उठवलं, मला फोन केला. ट्यूबलाइटखाली पट्टी कुठे संपते आणि चिठोरा कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. सकाळी गाडीच्या बॉनेटवर उन्हात दोन्ही ठेवले, तर चिठोरा शेवाळलेला.

यात भूत नाही. दोन रंग डोळ्याला सारखे दिसले तरी ते एकाच द्रव्याचे असतील असं नाही. एक जण प्रकाशातला एक भाग परत फेकतो, दुसरा दुसरा. ट्यूबलाइटमध्ये दोघांची बेरीज सारखी येते, उन्हात येत नाही. कापडगिरण्यांत आणि मोटारींच्या कारखान्यांत या फसवणुकीला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि ती पकडायला दिव्यांची खास पेटी असते. तिच्यात एक दिवा उत्तरेच्या आभाळाचा उजेड देतो, त्याला डी-65 म्हणतात, म्हणजे सुमारे 6500 केल्व्हिन. दुसरा दुकानात असतो तसा उजेड देतो. नमुना दोन्हींत जुळला तरच पास. फरक आकड्यात सांगणारं यंत्रही असतं. भावजींनी त्या पेटीची किंमत काढली आणि इंटरनेट बंद केलं.

ताई नुसती म्हणाली, "दारात नेऊन नाही बघितलात?"

दुसऱ्या दिवशी तिने ती पट्टी पर्समध्ये टाकली आणि मला घेऊन लक्ष्मी रोडला मॅचिंग सेंटरमध्ये गेली. पुरुष वाचकांपैकी ज्यांना हे ठिकाण फक्त बाहेरून ठाऊक आहे, फुटपाथवर दोन पिशव्या धरून, त्यांच्यासाठी सांगतो. आत जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउज पीसचे गठ्ठे असतात. लेबल नाही, नंबर नाही, शेड कार्ड नाही. नवख्याला तो एक ढीग वाटतो; पण पिवळ्यातून केशरीत आणि केशरीतून विटकरीत तो असा सरकत गेलेला असतो की कुठल्या गठ्ठ्यापाशी पिवळा संपला हे बोट ठेवून सांगता येऊ नये. मधोमध एक माणूस उभा असतो. त्याच्यासमोर एका वेळी पाच बायका पाच साड्या धरून बोलत असतात आणि तो पाचही जणींना ऐकत नसतो. तो फक्त साडीकडे बघत असतो.

ताईने पट्टी काउंटरवर ठेवली.

"साडी कुठली?" त्याने मान वर न करता विचारलं.

"जॅग्वार."

"सिल्क?"

"लेदर."

त्याने पट्टी उचलली, एकदा उलटी केली, एकदा सुलटी, आणि पाठीमागे न पाहता हात लांब करून तीन गठ्ठे ओढले. पहिला त्याने स्वतःच परत ढकलला. उरलेल्या दोघांची टोकं आणि पट्टी घेऊन तो काउंटरचं फळकुट वर करून बाहेर आला, पायऱ्या उतरला आणि फुटपाथवर, ऊन थेट पडणार नाही पण उजेड भरपूर येईल अशा जागी उभा राहिला. डी-65. पट्टी कापडावर आडवी ठेवली, डोळे बारीक केले, कापड पाव वळण फिरवलं, कारण विणीची दिशा बदलली की छटा बदलते. "हे जरा हिरवट मारतंय," एक टोक सोडून देत तो म्हणाला. "हे घ्या. टू बाय टू आहे, रुबियात नाही मिळणार." मग आत येऊन ट्यूबखाली पुन्हा एकदा धरलं, आणि मान हलवली. दोन्ही दिवे पास. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल, आणि त्या मिनिटात त्याने एका बाईला तिचा अंजिरी हा अंजिरी नसून वाइन आहे हेही सुनावलं होतं.

"अस्तर देऊ?" त्याने विचारलं. "पातळ आहे, आतलं दिसेल."

ताईने तो पीस भावजींपुढे ठेवला आणि त्यांचे चिठोरे रांगेने मांडायला सांगितले. अंगणात, सकाळी, सावलीत. "हा बघा, यात काळा कमी करा. काळा आणि पिवळा एकत्र आले की हिरवं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? पिवळ्या ऑक्साइडमध्ये काळा कशाला घालता? मळवायचं असेल तर लाल आणि थोडा निळा घाला." निळा भावजींच्या यादीतच नव्हता. भावजींनी निळा आणला. काळा बंद केला, आणि उन्हात, सावलीत, ट्यूबखाली आणि स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली एकच दिसणारा बिस्किट रंग तयार झाला.

पुढचं काम पटकन सांगून संपवण्यासारखं आहे, कारण ते पटकन करून चालत नाही म्हणून फार कंटाळवाणं आहे. स्पिरिटने सीट पुसायची म्हणजे तेलाचा अंश राहत नाही. मग स्प्रेने पातळ हात. जाड दिला तर कातड्याची नक्षी बुजते आणि सीट आंब्लासारखी दिसते. प्रत्येक हात वाळला की पुढचा. शेवटी चकाकी नसलेलं लॅकर. व्हिनाइलला त्याच रंगाचे हात, पण आधी त्याला रंग धरणारा वेगळा प्रायमर. चाचा बघायला आले, सीटवर हात फिरवला, नखाने हळूच ओरखडून पाहिलं आणि म्हणाले, "जमलं. पण साहेब, एक कव्हर शिवून देऊ का वरून?"

पुढे भावजींनी गाडी मुंबईला जुन्या गाड्यांच्या रॅलीत नेली. तिथे परीक्षकांनी आत वाकून पाहिलं, सर्टिफिकेट पाहिलं, मागची सीट उचलायला लावून खालची पट्टी पाहिली. आपसात बराच वेळ इंग्रजीत कुजबुजले. बक्षीस शेजारच्या ब्यूकला गेलं. ताई मात्र त्याच टू बाय टूचा ब्लाउज घालून मागच्या सीटवर बसली होती आणि दिवसभर लोक गाडीचे फोटो काढताना तिला "मॅडम, हलू नका," म्हणत होते.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि आतलं लेदर रंगवायचं मनात असेल, तर आधी मागची सीट उचला, खाली दुमडलेल्या कातड्याचा बोटभर तुकडा कापून घ्या आणि उजेड आहे तोवर मॅचिंग सेंटर गाठा. बरोबर घरातल्या एका बाईमाणसाला न्या; एकट्या पुरुषाकडे तिथे कुणी बघत नाही. काळा रंग विकतच आणू नका. जुळलेल्या रंगाचं प्रमाण डबीवर लिहून ठेवा, कारण दोन वर्षांनी ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड घासली जाणार, ती सगळ्यांचीच जाते. आणि कापड घेताना पाव मीटर जास्त घ्या.